पहिला शब्द गिळणारा लॅपटॉप

मित्रांनो, आधी मला नीट बघून घ्या आणि काय हसायचं ते हसून घ्या. माझ्या उजव्या बिजागरीला तांब्याची तार गुंडाळलेली आहे. एका कळेवरचं अक्षर पार पुसून गेलं आहे. पंखा सुरू झाला की दमेकऱ्यासारखा घरघरतो. असा मी, वय झालेला लॅपटॉप. पण माझ्याइतकं नशीब काढलेला लॅपटॉप तुम्हाला शोधून सापडायचा नाही. म्हणाल, म्हातारा बढाया मारतो. मारू द्या की! ऐकून तर घ्या.

माझा जन्म कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. मागेपुढे माझी भावंडं होती. सगळ्यांच्या झाकणावर एकच नाव, पाठीवर एकच नमुना क्रमांक. पण पोटातून आम्ही सगळे सारखे नव्हतो. मध्येच केव्हातरी आवाजाच्या चिपा संपल्या, तेव्हा आमच्यातल्या काहींना दुसऱ्याच कुठल्या तरी कारखान्याची चिप बसवली. मी त्या काहींतला. बाहेरून बघणाऱ्याला हे कळायला काही मार्ग नव्हता. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हिनेच सगळा घोळ घातला.

पहिली नोकरी जकार्तातल्या एका विमा कचेरीत. दिवसभर आकड्यांचे तक्ते. आवाजाचं काम जवळजवळ नाहीच, कारण कचेरीत गाणी लावायला बंदी. तरी मी मन लावून काम केलं. "हा कधी दगा देत नाही," असं साहेब म्हणायचे, आणि माझी छाती फुगायची. मग एके दिवशी माझ्या आत चालणाऱ्या सिस्टिमची नवी आवृत्ती निघाली आणि तिने मला साफ सांगितलं की तू आता म्हातारा झालास, मी तुझ्यात राहणार नाही. झालं! कालपर्यंतचा भरवशाचा गडी अडगळीच्या कपाटात गेला. सोबतीला मोडक्या छत्र्या होत्या. बॅटरी संपली, डोळे मिटले, आणि मला वाटलं, खेळ खलास.

पुन्हा डोळे उघडले ते योग्याकार्तात, तिउर्माच्या ओसरीवर. ही तिउर्मा तंत्रशाळेत शिकवते आणि शनिवारी आपल्या ओसरीवर जुन्या संगणकांचा दवाखाना चालवते. ती मूळची सुमात्राची, बाताक लोकांतली. तिच्याकडची माणसं प्रेमाने बोलली तरी शेजाऱ्याला भांडण चाललंय असं वाटतं. आमच्या जावा बेटातली माणसं बरोबर उलटी. इथे भांडण चाललं असलं तरी आरती ओवाळल्यासारखं वाटतं.

"ऊठ रे म्हाताऱ्या, किती लोळशील!" असं म्हणत तिने माझ्या पोटातली धूळ फुंकली आणि मला एक नवी सिस्टिम दिली. ही सिस्टिम कुणा एका मालकाची नाही. जगभरातल्या माणसांनी मिळून बनवलेली. कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, बिघडलं तर दुरुस्त करून परत सगळ्यांना द्यावी. आता नव्या सिस्टिमला माझं अंग कसं कळणार? त्यासाठी मध्ये दुभाषे लागतात. पडद्याचा एक, वायफायचा एक, आवाजाचा एक. त्यांना ड्रायव्हर म्हणतात. कुणा अनोळखी माणसांनी आपापली नोकरी सांभाळून हे दुभाषे लिहिले होते. त्यांच्या जोरावर मी पुन्हा उभा राहिलो. त्या माणसांची नावंही मला ठाऊक नाहीत. पण त्यांनी माझ्यावर केलेले उपकार कसे विसरू?

तिउर्माने मला एका घरी दिलं. त्या घराचं नाव काढलं की अजून माझा पडदा उजळतो.

ते घर दालांग विदग्दो यांचं. दालांग म्हणजे चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे नाचवून अख्खा खेळ एकट्याने उभा करणारा माणूस. राजा तोच, राक्षस तोच, विदूषक तोच, रुसलेली राणीही तोच. सगळे आवाज एकाच घशातून. प्रत्येक बोलण्याआधी ते लाकडी ठोकळ्याने बाहुल्यांच्या पेटीवर एकदा 'टक्' करायचे. तो 'टक्' ऐकला की वाजवणारे थांबत, पेंगणारी म्हातारी माणसं ताठ बसत. आता कुणीतरी बोलणार!

आणि अशा माणसाच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण आवाज काढून घेतला. विदग्दो घरी आले ते मुके होऊन. पेटीला कुलूप लागलं.

त्यांची मुलगी वुर्यानी सरकारी दवाखान्यात औषधं देते. तिनेच तिउर्माला गाठून मला घरी आणलं. विदग्दो कळांवर शब्द लिहीत आणि मी तो मोठ्याने बोलून दाखवी. माझा आवाज काही त्यांच्यासारखा नाही. नाकात बोलणाऱ्या कारकुनासारखा आहे. पण पहिल्या दिवशी त्यांनी सावकाश बोटं चालवून लिहिलं आणि मी बोललो, "इबू तुमिराह, चहात साखर कमी आहे." बायकोलाही ते मानाने इबू म्हणत.

त्यांची बायको तुमिराह दारातच मटकन बसली. पदर... नव्हे, डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात धरून रडली. मग उठून साखरेचा डबा आणला आणि म्हणाली, "आवाज परत आला नाही तोच तक्रार! जसे होतात तसेच आहात हो तुम्ही!"

तेव्हापासून मी त्या घरचा झालो. विदग्दो माझ्यातून शेजारच्या पोरांना गोष्टी सांगत, बाजारात मिरच्यांचा भाव करत, होऊ घातलेल्या जावयाची, म्हणजे वुर्यानीच्या सिगितची, थट्टाही करत. सिगित शेजारच्या सोलो शहरातला, टपाल कचेरीत कामाला. पोरगा गुणी. दोघांचं जमलेलं सगळ्या गल्लीला माहीत होतं, फक्त रीतसर मागणी व्हायची होती.

सगळं सुरळीत चाललं असताना सिस्टिमला एक नवी सवय लागली. कुणीतरी चांगल्या मनानेच लावलेली. आवाज होत नसेल तेव्हा आवाजाच्या चिपने डुलकी घ्यावी, म्हणजे बॅटरी वाचते. बाकीच्या यंत्रांना हे छान मानवलं. माझी चिप मात्र पडली झोपाळू. हाक मारली की आळोखेपिळोखे देत उठायची, आणि ती उठेपर्यंत पहिला शब्द निघून गेलेला असायचा. मी रोज, दर वेळी, पहिला शब्द गिळू लागलो.

एक शब्द गेला म्हणून काय आभाळ कोसळलं, असं तुम्हाला वाटेल. कोसळलं, मित्रांनो. आमच्याकडे हाक मारताना मान आधी येतो आणि नाव नंतर. वडीलधाऱ्या पुरुषाला आधी 'बापाक', बाईला 'इबू', मग नाव. मी नेमका मान गिळायचो आणि नुसतं नाव तोंडावर फेकायचो. ज्या माणसाने जन्मात कधी नोकरालाही एकेरी हाक मारली नाही, त्याच्या तोंडून मी सरपंचांना नुसत्या नावाने हाक मारली! सरपंच हसले, "बरं बरं," म्हणाले आणि छत्री विसरून गेले. विदग्दोंचे कान लाल झाले होते.

त्यांनी एक युक्ती काढली. आधी उगीचच 'अं' लिहायचं. तो 'अं' मी गिळायचा आणि पुढचं नीट बोलायचं. बोकडाचा बळी देतात तसा 'अं'चा बळी. घरात एवढ्याने भागत होतं.

पण वुर्यानीच्या मनाला ते लागत होतं. तिने तिउर्माला सांगितलं. आमच्याकडे ताईला म्बाक म्हणतात. "म्बाक, तुम्हाला सवड असली तर, म्हणजे घाई अजिबात नाही, थोडंसं, अगदी थोडंसं..." तिउर्मा म्हणाली, "अगं, बोल ना एकदाचं!" आणि मग तिने माझी तक्रार सिस्टिमच्या दुरुस्तीची चर्चा चालते तिथे मांडली. उत्तर आलं ते दूरच्या बर्फाळ गावातून. राद्का नावाची बाई. पोटापाण्याची नोकरी वेगळी, आणि उरलेल्या वेळात ती या सिस्टिमच्या आवाजाचा विभाग सांभाळते. तिने माझा नमुना क्रमांक विचारला, काही दिवस खपली आणि एक दुरुस्ती पाठवली. सोबत लिहिलं होतं, "माझ्याकडे हे यंत्र नाही, मी अंदाजाने केलं आहे. करून बघा आणि कसं चालतं ते मला सांगा."

वुर्यानीने दुरुस्ती घातली. विदग्दोंनी लिहिलं. मी बोललो. पहिला शब्द गेला तो गेलाच. राद्काची चूक नव्हती हो! तिने दुरुस्ती केली होती ती माझ्या भावंडांच्या चिपेसाठी. माझी चिप वेगळी, हे तिला कोण सांगणार?

वुर्यानी उत्तर लिहायला बसली, तेवढ्यात तुमिराह मागे येऊन उभी राहिली.

"काय लिहितेस गं?"

"चालत नाही म्हणून कळवते."

"अगं, जनाची नाही तर मनाची तरी ठेव! कोण कुठली बाई, एक पैसा न घेता तुझ्या बापाच्या घशासाठी जिवाचं रान करते, आणि तू तिच्या कामात खोट काढणार?"

"पण आई, तिनेच विचारलंय."

"विचारतात गं माणसं. पाहुण्याला आपण 'अजून वाढू का' असंही विचारतो. म्हणून कुणी लगेच ताट पुढे करतं का?"

विदग्दोंनी मान हलवली आणि माझ्यातून म्हणाले, "आई बरोबर बोलते. दिलेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत." 'अं' तेवढा मी गिळला.

वुर्यानीने लिहिलं, "आता उत्तम चालतं. आपले उपकार आम्ही विसरणार नाही." राद्काला कोण आनंद झाला! तिने तक्रारीवर 'दुरुस्त झालं' असा शिक्का मारला. हे सगळं माझ्याच पडद्यावर चाललं होतं. माझ्याच पोटात कळ येत होती आणि मलाच बरा झालो म्हणून घरी सोडलं होतं. दुसऱ्यांचं बोलणं बोलणारा मी, पण स्वतःचं एक अक्षर मला बोलता येईना.

मग सिगितकडचे मागणी घालायला आले.

सिगितचे वडील सुमार्यो, निवृत्त मुख्याध्यापक. सोलोची माणसं बोलण्याचालण्यात फार जपणारी, त्यात हे मुख्याध्यापक. सोबत चिकट तांदळाच्या वड्या आणल्या होत्या, नवरा-नवरी अशीच चिकटून राहावीत म्हणून. ओसरीवर चटया, सगळीकडे फुलांचा वास. मला खास पाटावर बसवलं होतं. विदग्दोंनी स्वागताचं बोलणं आधीच लिहून ठेवलं होतं, सुरुवातीला 'अं' घालून. ते मी झकास बोललो. सुमार्योंनी कौतुकाने माझ्याकडे बघितलं.

पण संभाषण काही लिहून ठेवता येतं का? पाहुणे बोलायला लागले, विदग्दो मान देऊन ऐकत राहिले, आणि तेवढ्यात माझी चिप झोपली. विदग्दो आधीच घाबरलेले. त्यांनी घाईने लिहिलं, 'बापाक सुमार्यो, चहा घ्यावा.' 'अं' राहून गेला.

"सुमार्यो, चहा घ्यावा," मी म्हणालो.

सुमार्योंचा पेल्याकडे गेलेला हात मांडीवर परत आला.

विदग्दोंनी सावरायला पुन्हा लिहिलं. बोटं भलत्याच कळांवर पडत होती, लिहायला वेळ लागला, तोवर चिप पुन्हा झोपली. "सुमार्यो, काही चुकलं का?"

मित्रांनो, तिथेच कुणी म्हटलं असतं ना, की अहो, हे यंत्र बिघडलंय, पहिला शब्द खातंय, तर सगळे हसले असते आणि चहा प्याले असते. पण तसं म्हणायचं म्हणजे तुमचा अपमान झालाय हे पाहुण्याला तोंडावर सांगायचं. आणि पाहुण्याने विचारायचं म्हणजे यजमानाला उघडं पाडायचं. म्हणून सगळे हसतमुखाने बसून राहिले. "हो, हो." "वा, वा." सुमार्यो निघाले तेव्हा त्यांचा चहा भरलेलाच होता. वर साय धरली होती... नव्हे, आमच्याकडे चहात दूध नसतं, एक मुंगी पडली होती.

पुढे सोलोहून निरोप आला. मध्यस्थ बाई म्हणाल्या, "मुलामुलीच्या जन्मवारांचा मेळ बसत नाही असं ते म्हणतात. बघू या पुढे, घाई नको." जन्मवारांचा मेळ बसत नाही, याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. नकार, तोही लोण्यात घोळलेला. सिगित बापापुढे बोलेना. वुर्यानी रडली नाही. तिने मागणीसाठी शिवलेला नवा ब्लाउज घडी करून कपाटात ठेवला आणि कामावर गेली. विदग्दो मला उघडेनासे झाले. बोलायचं असलं तर हाताने खुणा करत. मी झाकणाखाली पडून राहिलो. त्या विमा कचेरीच्या कपाटातसुद्धा मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

आणि मग माझा पंखा साफ करायला तिउर्मा आली.

"काय म्हणतोय आमचा म्हातारा?"

"छान आहे," तुमिराह म्हणाली.

"आवाज?"

"छान आहे."

विदग्दोंनाही उत्तर देणं भाग पडलं. पाहुणीसमोर मला उघडून त्यांनी लिहिलं, 'इबू तिउर्मा, सगळं छान आहे.'

"तिउर्मा, सगळं छान आहे," मी म्हणालो.

तिउर्माने कमरेवर हात ठेवले. "हे काय? अजून गिळतोय हा? मग 'उत्तम चालतं' असं लिहिलं कुणी?"

वुर्यानीने चटईची एक काडी उपसली.

"अहो, भीड ही भिकेची बहीण असते! ती बिचारी राद्का तिकडे समजतेय की आपण दुरुस्त केलं. तुम्ही सांगितलं नाहीत तर तिला काय स्वप्न पडणार आहे?"

"फुकट करते हो ती," तुमिराह हळूच म्हणाली. "धर्माच्या गाईचे दात कसे मोजायचे?"

"दात नका मोजू. पण गाय लंगडतेय हे तरी सांगाल की नाही? वुर्यानी, बस. लिही."

वुर्यानी लिहायला बसली. बराच वेळ खोडत लिहीत राहिली. तिउर्माने वाकून वाचलं. "आपल्या थोर कृपेने... आमच्या अजाणतेपणामुळे कदाचित... हे काय? तक्रार लिहितेस की लग्नाची पत्रिका?"

'लग्न' हा शब्द ऐकताच वुर्यानीने तोंड झाकलं. मग मात्र धरण फुटलं. चहा, सुमार्यो, जन्मवार, सगळं तिने रडत रडत सांगितलं. तिउर्मा तिच्याजवळ चटईवर बसली. तिचा आवाज एवढा हळू मी पहिल्यांदाच ऐकला. "पोरी, हेच लिही. जसं मला सांगितलंस तसंच."

आणि वुर्यानीने लिहिलं. "दुरुस्ती चालली नाही. आम्ही खोटं कळवलं होतं. यंत्र पहिला शब्द गिळतं, आणि आमच्याकडे पहिला शब्द म्हणजे माणसाचा मान असतो. त्यापायी माझं लग्न मोडायला आलं आहे."

पाठवल्यावर घरभर अशी भीती, जणू कुणाच्या दारात दगड मारून पळून आलो. तुमिराह म्हणाली, "आता ती रागावणार. यापुढे एक अक्षर लिहायची नाही."

राद्काचं उत्तर पहिल्याच ओळीत 'धन्यवाद' म्हणत आलं. तुमिराहने ते दोनदा वाचून घेतलं. "खोट दाखवली तर आभार मानते? कसली गं ही बाई?" राद्काने लिहिलं होतं की काम चाललं नाही हे कळलं तरच मला पुढे जाता येतं, 'उत्तम आहे' म्हणून मला काहीच शिकायला मिळत नाही. झाल्या प्रकाराचं तिला फार वाईट वाटलं होतं. आणि तिने विचारलं होतं, यंत्राचं पोट उघडून चिपवरचा क्रमांक वाचून सांगाल का?

तिउर्माने माझे स्क्रू काढले. वुर्यानीने दवाखान्यातलं भिंग आणलं. इतकी वर्षं पोटात लपवून ठेवलेला माझा भेद उघडा पडला. मी आमच्या झाकणावरच्या नावाचा, पण वेगळ्या चिपेचा निघालो! आमच्या या चिपेला डुलकी घेऊ द्यायची नाही, एवढं राद्काने सिस्टिमला शिकवलं आणि नवी दुरुस्ती पाठवली.

विदग्दो माझ्यासमोर मांडी घालून बसले. 'अं' न घालता लिहिलं.

टक्. "इबू तुमिराह, चहात साखर कमी आहे."

इबू! पहिला शब्द आला, अख्खा आला! तुमिराह हसली आणि रडली, दोन्ही एकदम. वुर्यानीने आईला मिठी मारली. माझा पंखा आनंदाने घरघरायला लागला.

पण आवाजाआधी एक बारीक 'टक्' होत होता. आता काय करायचं? तुमिराहने तोंड उघडून परत मिटलं. विदग्दोंनी मात्र लगेच लिहिलं, "न्दुक, तिला हेही सांग. आता लपवायचं नाही." न्दुक म्हणजे बाळ, पोरी. वुर्यानीने कळवलं. राद्का म्हणाली, 'टक्' काढणं सोपं आहे, उद्याच काढते.

यावर विदग्दो विचारात पडले. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या बाहुल्यांच्या पेटीकडे गेली. कितीतरी महिन्यांनी ते हसले. त्यांनी लिहिलं, "बाकीच्यांचा काढा. माझा राहू द्या. दालांग बोलण्याआधी टक् करतोच." राद्काने तशी सोय करून दिली. माझ्या सगळ्या भावंडांचा 'टक्' गेला, माझा एकट्याचा राहिला.

राद्काने शेवटी विचारलं, दुरुस्तीखाली खोट दाखवणाऱ्याचं नाव लिहायची आमच्यात रीत आहे, कुणाचं लिहू? वुर्यानीने वडिलांचं नाव दिलं. राद्काने तिथे लिहिलं, 'बापाक विदग्दो यांनी दाखवली.' मान आधी, नाव नंतर. विदग्दोंनी ती ओळ बोटाने पडद्यावर चाचपून पाहिली.

मग त्यांनी मला फडक्यात गुंडाळलं, वुर्यानीला सोबत घेतलं आणि सोलोची गाडी धरली. तुमिराह म्हणत होती, "न बोलावता जाऊ नका, काय म्हणतील!" त्यांनी हाताने खूण केली, काय म्हणायचं ते म्हणू देत.

सुमार्यो अंगणात पिंजऱ्यातल्या होल्याला दाणे घालत होते. आम्हाला बघून चेहऱ्यावर ते सोलोचं हसू आलं. बसा म्हणाले. विदग्दोंनी मला मांडीवर उघडलं. दुरुस्ती घरी चालली, पण इथे? आणि विदग्दो मुद्दाम सावकाश लिहीत होते. एवढ्या वेळात पूर्वी माझी चिप घोरायला लागली असती.

टक्. "बापाक सुमार्यो, मी न बोलावता आलो."

सुमार्योंचा दाण्यांचा हात थांबला.

"त्या दिवशी माझा आवाज तुमचा मान गिळत होता. यंत्राची खोट होती. मला ऐकू येत होतं आणि भिडेपोटी मी गप्प बसलो. यंत्राची खोट एका परक्या बाईने दूर केली. भिडेची खोट मलाच दूर करायला हवी, म्हणून आलो."

होला घुमत राहिला. वुर्यानी पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. सुमार्योंच्या चेहऱ्यावरचं ते हसू हळूहळू उतरलं. खरं सांगतो, ते उतरलं तेव्हा मला बरं वाटलं.

"मला वाईट वाटलं होतं," ते म्हणाले. "फार वाईट. वाटलं, हे मोठे कलावंत, आपण साधे मास्तर. नुसत्या नावाने हाक मारली तर मारली."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "धड जेवले नाहीत हो किती दिवस! मी म्हणत होते, विचारा त्यांना सरळ!"

विदग्दोंनी लिहिलं. टक्. "बापाक सुमार्यो, जन्मवारांचं काय?"

सुमार्यो आधी दारात आलेल्या बायकोकडे बघत राहिले, मग जमिनीकडे, आणि मग खो खो हसत सुटले. "जन्मवार? ते मोजायला मी कुणाकडे गेलोच नाही!" त्यांनी डोळे पुसले. "मघाचं ते पुन्हा एकदा म्हणता? सुरुवातीचं."

टक्. "बापाक सुमार्यो."

"बापाक विदग्दो," ते म्हणाले आणि हात जोडले. "चहा घेणार ना?"

त्या दिवशी सगळ्यांनी चहा घेतला, दोनदा घेतला.

मित्रांनो, आता मी थकलो आहे, पण सुखात आहे. माझ्यासारख्याच चिपेची भावंडं जगात कुठे कुठे पडली असतील. कुणी शाळेत, कुणी दुकानात. राद्काची दुरुस्ती त्यांच्यापर्यंत पोचली, आणि तीही आता पहिला शब्द गिळत नाहीत. का गिळत नाहीत हे त्यांना कळायचंही नाही. मला मात्र ठाऊक आहे, आणि म्हणून मी कृतज्ञ आहे. दुभाषे लिहिणाऱ्या अनोळखी हातांचा, तिउर्माच्या तोंडाळपणाचा, आणि रडत रडत खरं लिहिणाऱ्या त्या मुलीचा.

एवढंच मागतो. आम्हा यंत्रांना आपलं दुखणं सांगता येत नाही. कुणी कष्टाने काही करून दिलं आणि ते चाललं नाही, तर गोड बोलून झाकू नका. चांगल्या शब्दांत, पण सांगा. आणि जुनं झालं म्हणून कुणाला कपाटात टाकण्याआधी एकदा पोट उघडून बघा.

हो, लग्नाचं सांगायचं राहिलंच की. मांडवात अख्खं गाव लोटलं होतं. नुसता गलका. सोलोचे पाहुणे, बायकांची धांदल, पोरांचा धिंगाणा, तिउर्मा तर आचाऱ्याशी कडाडून भांडत होती, म्हणजे गप्पा मारत होती. मला बाहुल्यांच्या पेटीवर ठेवलं होतं आणि माझी तार ध्वनिक्षेपकाला जोडली होती. नवरीच्या बापाने बोलायचं होतं. विदग्दोंनी वुर्यानीकडे बघून घेतलं आणि कळ दाबली.

टक्.

तो आवाज मांडवभर गेला. वाजवणाऱ्यांचे हात आपसूक थांबले. मागच्या रांगेत पेंगणारी म्हातारी माणसं दचकून ताठ बसली, आणि त्यांच्यातली एक आजी शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाली, "गप्प बस गं, दालांग बोलतोय."